तिसऱ्या पानाचा वळसा

चौथं पॅनेल हातात घेतलं तेव्हा मिस्त्रीचं लक्ष पानाकडे गेलं.

तोवर तीन पॅनेलं त्याने मान खाली घालून घासली होती. वखारीत पंखा होता, पण तो मशीनच्या खोलीत. घासणारे सगळे बाहेर, तापलेल्या पत्र्याखाली. भुसा नाकात, भुवयांत, घामाबरोबर कालवून मानेवर. ज्याच्या हाताखाली छत्तीस वर्षं कोणी ना कोणी घासायला बसायचं, तो आज दुसऱ्याचं लाकूड घासत होता. इलाज नव्हता. दोन वर्षं पावसाने तोंड फिरवलं होतं. गावात कोणी नवी भिंत उभी करत नव्हतं, मग दरवाजा करायला कोण सांगणार. त्यात उजव्या हाताचा अंगठा बंडाला उठलेला. वाकला की वाकलेलाच राहायचा, मग डाव्या हाताने धरून सरळ करावा लागायचा. खट असा आवाज यायचा आणि कळ कोपरापर्यंत जायची. असल्या अंगठ्यात कोरायची पटाशी राहत नाही. पॉलिश पेपर राहतो.

पॅनेलवर वेल होती. खालून वर चढत गेलेली, दोन्ही बाजूंना पानं. सगळी पानं बाहेर तोंड करून उघडलेली. फक्त डावीकडचं खालून तिसरं पान आत वळलेलं, आणि त्याचा देठ थोडा वळसा घेऊन गेलेला.

मिस्त्रीने पेपर खाली ठेवला. घासून झालेली तिन्ही पॅनेलं ओढून उन्हात आणली. तिन्हींवर डावीकडचं तिसरं पान वळलेलं. तितकंच. त्याने बोट फिरवून बघितलं. लाकूड स्वच्छ होतं. डाग नाही, गाठ नाही. आणि पान मात्र अंगावर चिखल उडू नये म्हणून कोणी बाजूला सरावं तसं सरलेलं.

गाठ कुठे होती ते त्याला ठाऊक होतं. ती त्याच्या घराच्या दारात होती. सत्ताविसाव्या वर्षी त्याने स्वतःच्या घराला दार केलं, तेव्हा बरोबर त्या जागी अंगठ्याएवढी काळी, दगडासारखी गाठ निघाली होती. दुसरी फळी आणायची ऐपत नव्हती. दोन दिवस तो नुसता फळीकडे बघत बसला होता आणि तिसऱ्या दिवशी त्याने पान वळवलं होतं.

दोनेक महिन्यांपूर्वी वखारवाला स्वतः टेम्पो घेऊन घरी आला होता. गावाच्या नव्या सभागृहाला नक्षीचे बारा दरवाजे बसायचे आहेत, समितीला नमुना दाखवायचा, तुमचंच नाव सांगतो मिस्त्री, असं म्हणून बिजागऱ्यांवरून दार उतरवून घेऊन गेला होता. दोन दिवसांचे पाच आठवडे झाले. पाच आठवडे घराच्या दारात चादर टांगलेली होती आणि येणारा जाणारा वाकून आत बघायचा. दार परत आलं ते खालचा कोपरा उडून.

मिस्त्री पॅनेल काखेत मारून मशीनच्या खोलीत शिरला. आत गार होतं. वखारवाला खुर्चीत बसून दात कोरत होता.

"शेठ, ही वेल कुठली?"

"कुठली म्हणजे? कॉम्प्युटरमधली."

"कॉम्प्युटरला कोणी दिली?"

"मिस्त्री, तुम्ही घासा. पाचवंसुद्धा आज झालं पाहिजे."

"माझ्या दारावरून उतरवलीत."

वखारवाल्याने काडी फेकली. "दार परत दिलं ना? वेल काय त्यातून कमी झाली? घरी जाऊन पानं मोजून घ्या. एखादं कमी भरलं तर सांगा, मशीनवर काढून देतो."

बाजूचे दोघे हसले. मिस्त्रीच्या कानशिलात रक्त वाजायला लागलं.

"हे पान का वळलंय, तेवढं सांगा."

"डिझाइन आहे ते."

"का वळलंय?"

"अहो, हात गेलेल्या माणसाला सावलीत बसवून काम दिलं, तर वर मलाच शिकवताय? ऑर्डर माझ्या खिशात आहे. शनिवारी समितीची बैठक झाली की बारा दरवाजे चढतील. जमत असेल तर घासा, नाहीतर वाट मोकळी."

"सावली कुठली, पत्र्याखाली बसवलंय," मिस्त्री म्हणाला. एवढंच सुचलं. पॅनेल त्याने टेबलावर ठेवलं, आपटलं नाही. आपटायला हवं होतं हे त्याला फाटकाबाहेर आल्यावर वाटलं, आणि घरापर्यंतच्या तासाभराच्या रस्त्यात ते पॅनेल त्याने मनातल्या मनात वीसेक वेळा आपटलं. घराशी पोचला तेव्हा मुठीत पॉलिश पेपरचा तुकडा तसाच होता.

घराच्या मागच्या पडवीतून घूं घूं आवाज येत होता. पडवी म्हणजे त्याची कामाची जागा. तिथे त्याच्या बाकावर, ज्या बाकावर त्याने कधी चहाचा कपसुद्धा ठेवू दिला नव्हता, त्यावर लेकीचं मशीन उभं होतं.

लेक पंपाच्या मोटारी भरायची. जळालेली मोटार उघडायची, तांब्याची तार काढायची, नवी गुंडाळायची. तिशीची बाई, पण आसपासच्या गावांत तिला सगळे फिटरीण म्हणायचे. विहिरी आटल्या तशा पंप बंद पडले, आणि पंप चालत नाहीत तिथे मोटारी जळणार कशा. हात रिकामे झाले तेव्हा तिने हे सुरू केलं. आठ महिने. सरकारी कचेरीने भंगारात काढलेल्या प्रिंटरांच्या सळया आणि छोट्या मोटारी, हार्डवेअरच्या दुकानातल्या आटेदार सळया, लोखंडी अँगल, बेअरिंगं. कंट्रोल बोर्ड पोस्टाने आलं होतं. सनमायका कापायचा ट्रिमर पट्ट्यांनी आवळून डोक्याच्या जागी बसवलेला. त्या ट्रिमरमध्ये पातं लावायचं, खाली फळी आवळायची, आणि चार बटणं नसलेल्या लॅपटॉपवर जशी रेघ काढाल तसं डोकं सरकत जायचं, डावीउजवीकडे, मागंपुढं, वरखाली. पहिले दोन महिने ते गोल काढायला सांगितलं की बटाटा काढायचं. ड्रॉवरची चॅनेल लावली होती तिने, ती हलायची. मग चॅनेल काढून अँगलवर बेअरिंग पळवली. मिस्त्री या सगळ्याला खटारा म्हणायचा आणि तिकडे पाठ करून जेवायचा.

"उतरव ते माझ्या बाकावरून," तो आत येताच म्हणाला.

"बाबा, एवढ्या लवकर कसे?"

"उतरव म्हटलं ना."

बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. "अहो, आधी पाणी प्या. मग काय उतरवायचं ते उतरवा."

पाणी पिताना त्याने सांगून टाकलं. वेल, पान, दात कोरणं, सगळं. बायको दाराकडे बघत राहिली, उडालेल्या कोपऱ्याकडे. लेकीने मशीन बंद केलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. चिडली की तिचं तसं व्हायचं, बापासारखंच.

"शनिवारी बैठक ना? मग नमुना आपणही नेऊ," ती म्हणाली.

"कोण कोरणार? हा अंगठा?"

"हिला अंगठा लागत नाही."

"बिनअंगठ्याचं काम वखारीत घासून आलोय," मिस्त्री म्हणाला, आणि तांब्या असा ठेवला की पाणी उडालं. पण मशीन उतरव असं तो परत म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने एका रद्दी फळीवर वेलीचा तुकडा कापून बघितला. एका बाजूला खोल गेला, दुसऱ्या बाजूला नुसता खरवडला. ती नटबोल्ट पिळत बसली. मिस्त्री पडवीच्या उंबऱ्यावर बसून दुसरीकडे बघत होता, पण डोळे परत परत तिकडेच. फळी ज्यावर आवळायची तो तक्ता उजवीकडे अर्धा सूत उचललेला होता. त्याला बसल्या जागेवरून दिसत होतं. तासभर त्याने सहन केलं. बोल्ट पिळण्याचा कर्र कर्र आवाज. शेवटी तो उठला.

"सरक."

"काय झालं?"

"सरक तिकडे. तक्ता वाकडा, आणि बोल्टांवर राग काढतेय."

त्याने रंधा उतरवला. अंगठा वर ठेवून, तळव्याने रेटून, दात आवळून तो तक्ता त्याने रंधून काढला. लांब पट्टी उभी धरून फटीतून उजेड येतो का ते बघितलं. चारही बाजूंनी, मग तिरपं. उजेड कुठूनच आला नाही. झाल्यावर रंधा जागेवर ठेवला. बायको आतून म्हणाली, "खटाऱ्याची खाट झाली वाटतं तयार."

गुरुवारी सकाळी मशीन सागाच्या चांगल्या फळीवर लागलं. सहा तास चाललं. पडवीत उभं राहवेना इतका आवाज, आणि पिवळा भुसा खिडकीच्या गजांवर चढलेला. आवाज थांबल्यावर लेकीने भुसा ब्रशने झाडला आणि पॅनेल उचलून बापाच्या मांडीवर ठेवलं.

मिस्त्रीने बघितलं. खालून तिसरं, डावीकडचं. आत वळलेलं.

"हे काय?"

"काय?"

"हे पान."

"वेल तशीच आहे. दारावर कागद लावून मी एकेक रेघ उतरवली. बघा हवं तर."

"तिथे गाठ होती," मिस्त्री म्हणाला. आवाज त्याच्या ताब्यात राहिला नव्हता. "दारात गाठ होती म्हणून वळवलं होतं. इथे आहे का गाठ? दाखव मला. दाखव कुठे आहे. आंधळ्यासारखं उतरवून ठेवलंस. त्या चोरात आणि तुझ्यात फरक काय राहिला?"

लेकीने ब्रश खाली ठेवला. हळू.

"फरक आहे. त्याला सांगायची तुम्हाला गरज नव्हती. मी या घरात वाढले. त्या दारातून तीस वर्षं आतबाहेर केलं. कधी म्हणालात, बाई, हे बघ, इथे गाठ आहे? नऊ वर्षांची असताना पटाशी घेतली हातात, तर मनगट पिरगाळून काढून घेतलीत. म्हणालात, बोट तुटलं तर कोण करून घेईल. चुलतभावाला चार वर्षं शिकवलंत. तो आता सोफे विकतो. मला भुसा झाडायला ठेवलंत. अजून झाडतेय."

"तोंड सांभाळ."

"तुम्ही हात दिला नाहीत म्हणून मला लोखंडाचा करावा लागला. आणि लोखंडाला गाठ कळत नाही. कोणी सांगितल्याशिवाय मलाही कळत नाही."

मिस्त्रीने पटाशी ठोकायची लाकडी मोगरी उचलली. बाकावर एकदाच हाणली. वरच्या फडताळातले डबे थरथरले. मोगरी सुटून खाली पडली आणि अंगठा तळहाताशी वाकून अडकून बसला. तो डाव्या हाताने सरळ करायला लागला, पण अंगठा निसटत होता. लेक समोर उभी राहून बघत होती. तिने हात पुढे केला नाही. खट झालं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कळीने.

मग तो म्हणाला, "दुसरी फळी घे. ती नको, तिच्या शेजारची. आणि ते पान सरळ कर तुझ्या त्या डब्यात."

सभागृहाला भिंती होत्या, छप्पर होतं, दारं नव्हती. ओल्या गिलाव्याचा वास येत होता. शनिवारी दुपारी समितीचे तिघे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. मध्ये निवृत्त मास्तर, ते अध्यक्ष. एका बाजूला दवाखान्यातली नर्सबाई, दुसऱ्या बाजूला किराणावाला. वखारवाल्याने आठ पॅनेलं पॉलिश करूनच आणली होती. भिंतीशी ओळीने उभी, आरशासारखी.

बाप आणि लेक हातगाडीवर घराचं दार घेऊन आले. दाराच्या जागी पुन्हा चादर बांधून. बरोबर नवं पॅनेल.

वखारवाल्याने त्यावर हात फिरवला. पानांच्या कडांना तुसं उभी होती. लाकडाच्या रेषेच्या उलट पातं गेलं होतं तिथे बारीक ढलप्याही उडाल्या होत्या.

"मिस्त्री, याची दाढी करायची राहिली की."

किराणावाला हसला. मिस्त्री हसण्याकडे न बघता मास्तरांच्या पुढे जाऊन उभा राहिला.

"यांनी वेल माझ्या दारावरून उचललीय. मी म्हणतो म्हणून मानू नका. इकडे या."

त्याने दार उन्हात आडवं केलं आणि वळलेल्या पानाशी बोट ठेवलं. वळशाच्या पोटात काळी गाठ होती, गुळगुळीत, डोळ्यासारखी. मग लेकीच्या मदतीने दार पालथं केलं. मागच्या बाजूला त्याच जागी तीच गाठ.

"गाठ आरपार असते. म्हणून पान वळवलं. आता शेठची बघा." तो ओळीने एकेक पॅनेल पालथं करत गेला. पहिलं, दुसरं, तिसरं. मागे कोरी फळी. "पान आठही ठिकाणी वळलंय. गाठ एकातही नाही."

नर्सबाई उठून आली. तिने वाकून आठही बघितली आणि तोंडावर पदर धरला. "शेठ, तुमची पानं मग कोणाला घाबरून वळली?"

"डिझाइन आहे," वखारवाला म्हणाला. या वेळी आवाज बसका होता.

मास्तरांनी चष्मा पुसला. "उचलली हे दिसतंय. पण त्याने दरवाजे बसत नाहीत, मिस्त्री. पंधरा दिवसांत शेठ बारा देतात. तुम्ही?"

"दोन महिने."

"कोण करणार ते विचारा ना," वखारवाला पुढे सरकला. "त्यांना अंगठा वाकवून दाखवायला सांगा. चहाचा कप धरवत नाही, आणि दाराला दोन म्हणजे दाढी करायची राहिलेली पॅनेलं चोवीस."

नर्सबाईने मिस्त्रीच्या हाताकडे बघितलं. दवाखान्यात दोनदा तिनेच त्या अंगठ्यावर पट्टी बांधली होती. मिस्त्रीने उजवा हात पाठीमागे नेला आणि मग, सगळे बघतायत हे बघून, परत पुढे आणला.

"लेक करेल," तो म्हणाला.

"हिला कोरता येतं?" वखारवाल्याने तिलाच विचारलं.

"नाही," लेक म्हणाली. "मशीन मी बनवलंय, मी चालवते. मशीन मोठं लाकूड काढतं. शेवटचा हात पटाशीने मारावा लागतो, प्रत्येक फळीची रेषा बघून. तो मला येत नाही. यांनी शिकवला नाही."

रिकाम्या चौकटीतून वारा आत येत होता. किराणावाला जमिनीकडे बघत होता. मिस्त्रीला वाटलं, हिला आत्ता इथून हाताला धरून न्यावं. मग वाटलं, कुठे नेणार, आणि काय सांगणार. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

"शिकवला नाही," तो म्हणाला. "मुलगी म्हणून नाही शिकवला. चूक माझी. आता शिकवतो. एक दरवाजा द्या, वीस दिवस. नाही जमला तर बाराही यांना द्या. पण माझी वेल त्यावर चालणार नाही. यांनी स्वतःची काढावी."

"हिला वीस दिवसांत?" वखारवाला म्हणाला.

"तुम्हाला छत्तीस वर्षं लागली असती," नर्सबाई म्हणाली.

मास्तरांनी बाजूच्या दोघांशी हळू आवाजात बोलून घेतलं. मग एक दरवाजा मिस्त्रीला दिला, समोरचा, वीस दिवसांत. आणि शेठ, ही आठ पॅनेलं परत न्या, म्हणाले. वखारवाला ती टेम्पोत चढवत असताना मिस्त्रीने खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढला आणि वरच्या पॅनेलवर ठेवला.

"तुमचा होता. पाचवं राहिलंय घासायचं."

परतीच्या वाटेवर बापलेकीने आळीपाळीने गाडी ढकलली. हातगाडीचं एक चाक करकरत होतं.

सोमवारी सकाळी मिस्त्रीने फडताळावरून पटाश्यांची गुंडाळी उतरवली, एकवीस पटाश्या, आणि तिच्यासमोर उलगडली.

"आधी धार. धार नसेल तर बोट तुटतं. असेल तर नुसतं कापतं."

पहिले तीन दिवस तिने फक्त दगडावर पातं फिरवलं आणि मिस्त्री ओरडला. चौथ्या दिवशी रद्दी फळीवर हात चालवला आणि तो आणखी ओरडला. उलटी जातेयस. लाकूड सांगतंय ना, ऐक की. मनगट नको, खांदा. ती म्हणायची, "हे एकवीस वर्षांपूर्वी ओरडायचं होतं," आणि पटाशी चालू ठेवायची. तिच्या डाव्या तर्जनीला चिंधी आली, मग मधल्या बोटाला. बायकोने हळद दाबली आणि दोघांकडे एकदा बघून आत निघून गेली.

बाराव्या दिवशी शेवटची फळी मशीनवर चढायची होती. लेकीने नेहमीप्रमाणे आधी ती उन्हात नेऊन दोन्ही बाजूंनी बघितली. आता ती न सांगता बघायची. थोडी तिरपी धरली, बोट फिरवलं आणि थांबली.

"बाबा. इथे गाठ आहे."

मिस्त्री जवळ आला. उजवीकडे, वरून दुसरं पान जिथे यायचं बरोबर तिथेच. काळी. दारातल्या गाठीपेक्षा लहान, पण तशीच कडक.

आत वळव, हे त्याच्या जिभेवर आलं होतं. सत्ताविसाव्या वर्षी त्याने आतच वळवलं होतं, कारण आत जागा असते आणि वेल आवळून बसते. त्यात दुसरं काही असू शकतं हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. लेकीने कानावरची पेन्सिल काढली. थोडा वेळ नुसतं बघितलं. मग फळीवर पान बाहेर वळवून काढलं. इतकं बाहेर की त्याचं टोक चौकटीच्या रेघेला लागलं, जसं काही ते आता फळीतून उतरून जाईल.

मिस्त्रीच्या कानशिलात पुन्हा रक्त वाजायला लागलं. चुकीचं होतं. निदान त्याच्या हाताने तरी कधी केलं नसतं. त्याने तोंड उघडलं. लेकीने मान वर केली. ओठ पांढरे, बोटांना चिंध्या, पेन्सिल तशीच धरलेली.

"बोला की काय ते."

राग होता. छातीत भरून होता, आठ पॅनेलांना पुरेल इतका. पण तो कोणावर आहे हे त्याला आता दिसत होतं, आणि तो माणूस पेन्सिल धरून नव्हता, वाकडा अंगठा घेऊन उभा होता.

"गोल पटाशीची धार गेलीय," तो म्हणाला, आणि दगडाकडे वळला. "चालव तू मशीन."